बीजनळीवाली रंभाबाई

चंद्रपूरच्या अजावंश संशोधन केंद्रात पंचवीस माणसं कामाला होती. त्यातली चोवीस आजारी पडली तरी केंद्राचं फारसं काही अडलं नसतं. मोठे साहेब, डॉक्टर गुंडावार, आजारी पडले असते तर उलट दोन दिवस सगळ्यांनी निवांत चहा घेतला असता. पण पंचविसावी, रंभाबाई भानारकर, हिला साधी शिंक आली तरी साहेबांचा जीव वरखाली व्हायचा. आणि गंमत अशी, की कायम माणसांत या रंभाबाईची गणतीच नव्हती. ती रोजंदारीवरची बाई. झाडायला म्हणून आली आणि केंद्राचा कणा होऊन बसली.

केंद्राचं काम ऐकायला सोपं होतं. शेळीचा गर्भ पोटात न धरवता काचेच्या बशीत धरवायचा, आठ दिवस वाढवायचा आणि मग दुसऱ्या शेळीच्या पोटात ठेवायचा. असं जमलं तर जुळी देणाऱ्या, चांगल्या दुधाच्या शेळ्यांची पैदास झपाट्यानं वाढेल, असा वरच्या लोकांचा बेत होता. बशीत गर्भ धरायचा, त्यात काही अडचण नव्हती. एका पेशीच्या दोन व्हायच्या, दोनाच्या चार, चाराच्या आठ. आणि तिथं घोडं पेंड खायचं. आठ पेशी झाल्या की गर्भ थांबायचा तो थांबायचाच. लगेच मरायचा नाही आणि पुढंही सरकायचा नाही. बशीच्या तळाशी नुसता पडून राहायचा आणि दोन दिवसांनी काळवंडायचा.

कारण आईच्या पोटात गर्भ काही उघड्यावर पडलेला नसतो. गर्भाशयात पोचायच्या आधी तीन-चार दिवस तो एका सुतळीएवढ्या बारीक नळीतून प्रवास करतो. ती बीजनळी. तिच्या अस्तरातल्या पेशी त्याला खाऊपिऊ घालतात, त्याची घाण उचलतात आणि आपल्या केसाळ कडा हलवत त्याला हळूहळू पुढं सारतात. बशीत ही नळी आणायची कुठून? तर खाटीकखान्यात कापलेल्या शेळ्यांच्या नळ्या गरम पाण्याच्या थर्मासातून आणायच्या, त्यांचं अस्तर काढायचं, बशीच्या तळाला त्याचा थर वाढवायचा आणि त्या थरावर गर्भ ठेवायचे. बशी राहते बशीच, पण गर्भाला वाटतं आपण आईच्या पोटात आहोत, आणि तो आठाच्या पुढं जातो. साहेब याला मॉडेल म्हणायचे. रंभाबाई गादी म्हणायची. पुढं साहेबही गादीच म्हणायला लागले, फक्त दिल्लीहून कोणी आलं की तेवढ्यापुरतं परत मॉडेल व्हायचं.

ही गादी घालायची रंभाबाईनं. दुसऱ्या कोणाच्या हातची गादी बशीला चिकटतच नसे.

रंभाबाई मूळची सावली तालुक्यातल्या एका तळ्याकाठच्या गावची, ढिवराची. तळ्यात जाळं टाकणं, मासा साफ करून बाजारात बसणं, हे तिचं लहानपण आणि हाच तिचा संसार. नवरा लटारू तापानं गेला तेव्हा पोरगी उर्वशी सहा वर्षांची होती. वर्ष होतं न होतं तोच दिरानं झोपडीच्या कुडाला नवी माती लावली आणि हिचं बोचकं उचलून बाहेर ओट्यावर ठेवलं. भांडण झालं नाही. बोचकं कुठं ठेवलंय ते बघून माणसानं काय ते समजून घ्यायचं, आणि तिनं समजून घेतलं. मग चंद्रपूरला बाबूपेठेत कोणाच्या पडवीत, कोणाच्या ओसरीवर, चार घरची भांडी घासत सहा वर्षं काढली. पंच्याण्णव साली केंद्रात झाडूचं काम मिळालं.

एक दिवस ती फरशी पुसत असताना तिथला तंत्रज्ञ नळी चिरून ब्लेडनं आतलं अस्तर खरडत होता. साहेब शेजारी उभे राहून कपाळाला हात लावत होते. अस्तराच्या चिंध्या होत होत्या. रंभाबाईला राहवलं नाही.

"साहेब, असं खरडून कसं येईल जी? मासोळीची गाभोळी काढतो तशी काढा ना. चिरूच नोका."

तंत्रज्ञ हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी एक नळी तिच्यापुढं सरकवली. रंभाबाईनं हात धुतले, नळीचं एक टोक दाबून धरलं आणि अंगठ्याच्या पाठीनं अरुंद टोकाकडून रुंद टोकाकडं असा काही एक दाब देत गेली, की आतलं अस्तर अखंड, पांढऱ्या सालीसारखं बशीत उतरलं. साहेबांनी सूक्ष्मदर्शकात डोळा घातला आणि बराच वेळ काढलाच नाही. नंतर त्यांनी रंभाबाईलाही बघायला लावलं. पेशींच्या कडा हलत होत्या, तळ्यात शेवाळ हलतं तशा.

झाडू सुटला. सकाळ-संध्याकाळ पेटीवर, म्हणजे इनक्युबेटरवर, लक्ष ठेवायला माणूस हवं म्हणून केंद्राच्या मागची पत्र्याची खोली तिला राहायला मिळाली. दहा बाय दहाची खोली. पण रंभाबाईच्या आयुष्यातली ती पहिली जागा, जिथून तिला कोणी ऊठ म्हटलं नव्हतं. उर्वशी त्या खोलीत लहानाची मोठी झाली. दोन हजार एकच्या वैशाखात तिच्या लग्नाचा मांडव त्याच खोलीपुढं पडला, आणि साहेबांनी स्वतः उभं राहून पाहुण्यांना बुंदी वाढली. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला शेळीशिवाय दुसरं काही दिसत नसे.

आता रंभाबाईच्या हाताचं खरं गुपित सांगायला हवं. अंगठ्याचा दाब कोणीही महिनाभरात शिकलं असतं. पण प्रत्येक नळीच्या टोकाशी वालाच्या दाण्याएवढा एक बीजकोष असतो. दुसऱ्या वर्षी रंभाबाईच्या लक्षात आलं, की काही बीजकोषांवर सुई टोचल्यासारखा ताजा तांबडा टिपका असतो, आणि त्या जोडीच्या नळीची गादी बशीला घट्ट धरते. टिपका नसेल तर गादी चार दिवसांत उचलून येते आणि गर्भ आठावर अडकतात. तिनं बशीखाली खुणा करून तीन-चार वेळा पडताळून पाहिलं. बी नुकतंच सुटलेलं असतं तेव्हा नळी पाहुण्याच्या तयारीत असते, एवढाच त्याचा अर्थ. तळ्याच्या कोणत्या कोपऱ्यात मासा कधी अंडी घालतो हे बघत वाढलेली बाई ती. तिला हे दिसलं यात नवल नव्हतं.

नवल हे, की तिनं ते कोणाला सांगितलं नाही.

ढिवराच्या घरात तशी रीतच असते. मासा कुठं लागला हे कोणी कोणाला सांगत नाही. भाऊ भावाला सांगत नाही. बाप पोराला सांगतो तेही अंथरुणाला खिळल्यावर. बाजारात कोणी विचारलं, "एवढा मोठा कुठी गावला?" तर तळ्याचा भलताच काठ दाखवायचा. विचारणाऱ्यालाही ते ठाऊक असतं आणि कोणी राग धरत नाही. रंभाबाईनंही तेच केलं. सकाळी थर्मास आला की ती टिपक्याच्या नळ्या एका ताटात काढायची आणि बाकीच्या बादलीत टाकायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "ह्या खराब हायत."

अठ्ठ्याण्णव साली वरून कागद आला, रोजंदारीची माणसं कमी करा. वारलू माळी गेला. झाडूवाली सोमारी गेली. रंभाबाईच्या नावाशी आल्यावर साहेब म्हणाले, "तिला हात लावायचा नाही. तिच्या हाताला गुण आहे." पुढच्या वर्षी ती सहा दिवस तापानं पडली, तर त्या खेपेचे सगळेच्या सगळे गर्भ आठावर अडकले. मग तर कोणी तिच्याकडं वाकड्या नजरेनं बघायचं नावच काढलं नाही. रंभाबाई मनातल्या मनात हसली. टिपका होता म्हणून खोली होती, आणि खोली होती म्हणून उर्वशीला माहेर होतं. एवढा साधा तिचा हिशेब होता.

दोन हजार दोनच्या ज्येष्ठात केंद्राच्या फोनवर जावयाचा निरोप आला. उर्वशीला दिलं होतं एटापल्लीच्या पलीकडं, बांडिया नदीच्या काठावरच्या ढिवरटोल्यात. जावई निकेश नदीत डोंगा चालवायचा, मासे मारायचा. एटापल्लीच्या टेलिफोन बूथवरून त्यानं चौकीदार चैतूला सांगितलं आणि चैतूनं रंभाबाईला. उर्वशीला सातवा लागला होता. आणायला या.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही सांगायला नको. पण ढिवरटोल्यातल्या त्या घरची रीत जरा कडक होती. सातव्यात पोरीच्या आईनंच यायचं, पोरीची ओटी भरायची, आणि हात धरून तिला उंबऱ्याबाहेर न्यायचं. जावई पोचवून देत नाही आणि पोरगी आपल्या पायानं निघत नाही. उर्वशीची सासू कमळाबाई प्रेमळ होती, पण रीत म्हणजे रीत.

रंभाबाई त्याच दुपारी साहेबांपुढं जाऊन उभी राहिली.

"साहेब, पाच दिवस सुटी द्या. पोरीले आणाचं हाय."

"अहो, आणा ना. आणायलाच हवं," साहेब म्हणाले. "पण आजच गर्भ ठेवलेत आपण. परवा गुलाबी पाणी बदलायचं आहे. एवढे आठ दिवस जाऊ द्या."

गुलाबी पाणी म्हणजे पेशींचं खाणं. दर दोन दिवसांनी अर्धं काढून नवं घालावं लागे, आणि तेही गादी न उचलता. आठ दिवस गेले. पण पहिल्या गर्भांचे आठ दिवस भरायच्या आतच पुढच्या खेपेची गादी घातलेली असायची, तिचे गर्भ वाढत असतानाच तिसरीच्या नळ्या येऊन पडायच्या. मधे रिकामा दिवस म्हणून कधी नसेच. इतकी वर्षं रंभाबाईला तो हवाही नव्हता. आता तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवून पाहिलं तर श्रावण संपेपर्यंत एकही दिवस मोकळा नव्हता. पोळा झाल्यावर दिल्लीची समिती येणार होती. केंद्र चालू ठेवायचं की कुलूप लावायचं ते ती ठरवणार होती.

दुसऱ्यांदा विचारल्यावर साहेबांनी तोड काढली. "हे बघा, दामिनी ठाकरे म्हणून नवी मुलगी रुजू होतेय. कायम जागेवर. तिला शिकवा. तिच्या हातून एक खेप नीट उतरली की तुम्ही महिनाभर जा, मी अडवणार नाही."

दामिनी आली. नागपुरात शिकलेली, हसरी, कामाला वाघ. रंभाबाईला "बाई, बाई" करून भंडावून सोडायची. रंभाबाईनं तिला सगळं शिकवलं. नळी कशी धुवायची, चरबी कशी काढायची, अंगठा कुठं टेकवायचा, पाणी किती कोमट हवं. सगळं शिकवलं आणि टिपका तेवढा राखला. सकाळी दामिनी यायच्या आधीच ती थर्मास उघडून ताटं लावायची. टिपक्याच्या नळ्या आपल्या ताटात, उरलेल्या दामिनीच्या.

"कायम जागेवर" हे दोन शब्द तिच्या डोक्यातून जात नव्हते. ही पोरगी शिकली की आपली गरज कोणाला? मग खोली कोणाची? आणि खोली गेली तर उर्वशीला आणून ठेवायचं कुठं? दिराच्या ओट्यावर? हे सगळं खरं होतं. पण त्याच्या पोटात दुसरं एक खरं होतं आणि ते तिला चांगलं दिसत होतं. दामिनी शिकत नाही तोवर सुटी नाही. म्हणजे ती दामिनीला जितकं अडवत होती तितकी स्वतःच अडकत होती. आपल्याच जाळ्यात पाय गुंतलेल्या ढिवराला सगळे हसतात. रंभाबाईला हसायला कोणी नव्हतं, कारण कोणाला ठाऊकच नव्हतं.

दामिनीची पहिली गादी चौथ्या दिवशी उचलून आली. दुसरीही. बशीत वाळक्या सालीसारखे तुकडे तरंगायला लागले, आणि गर्भ आठावर अडकून बसले. दामिनी रडली. साहेब हताश होऊन म्हणाले, "बघा रंभाबाई, तुमच्याशिवाय होत नाही हे. मी तुम्हाला सोडू तरी कसा?"

रंभाबाईनं पदरानं तोंड पुसलं. तिला आनंदही झाला होता आणि आता सुटी नाही हेही कळलं होतं, आणि त्यातलं आधी काय झालं ते तिलाच सांगता आलं नसतं.

आषाढात उर्वशीनं स्वतः फोन केला. निकेश तिला तपासणीला एटापल्लीच्या दवाखान्यात घेऊन आला होता.

"माय, कवा येतेस?"

"येतो ना बाई. आठ दिवसानं."

"मांगच्या वेळेले बी आठच दिवस म्हनली होतीस."

"काम नाई सोडत मले उर्वशी. तुयी तब्येत कशी हाय?"

"बरी हाय. रोज सकाळी बांधावर जाऊन बसून राह्यतो मी. इथून रस्ता दिसते." खरखरीतून तिचा आवाज पुढं आला. "पाऊस लागला माय. नाल्याले पूर आला का मंग जीप बी नाई येत."

फोन ठेवल्यावर रंभाबाई पेटीपाशी येऊन बसली. पेटीच्या काचेतून बश्यांच्या चळती दिसत होत्या. प्रत्येक बशीत तिनं घातलेली गादी, आणि गादीवर कोणा अनोळखी शेळ्यांची लेकरं आरामात वाढत होती. तिला त्या बश्यांचा इतका राग आला, की पेटीचं बटण बंद करावं असं हाताला वाटलं. हात उचललाही. पण सात वर्षांची सवय, हात आपोआप तापमान वाचायला वळला. साडेअडतीस. बरोबर होतं.

श्रावण लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी दामिनी आली तेव्हा ताटं लावलेली नव्हती. थर्मास बंद होता आणि रंभाबाई त्याच्यापुढं हात बांधून बसली होती.

"मॅडम, इकडं या. एक दाखवतो तुमाले."

तिनं थर्मास उघडला, दोन बीजकोष तळहातावर घेतले आणि खिडकीच्या उजेडात धरले. "ह्याच्यावर काई दिसते?"

दामिनी वाकली. "लाल डाग आहे."

"आन ह्याच्यावर?"

"नाही."

"डागवाली घ्याची. बिनडागवाली फेकाची. बस, एवढंच हाय. माया हातात काई गुणबिन नाई."

दामिनी तिच्याकडं बघत राहिली. ताटांची रोजची मांडणी, बादली, आपल्या उचलून आलेल्या दोन गाद्या, सगळं एकेक करून तिच्या ध्यानात येत होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. रंभाबाई खाली मान घालून बसली. शिवी ऐकायची तयारी होती. शेवटी दामिनी एवढंच म्हणाली, "बाई, मुलीला आणायचंय ना तुम्हाला? मग हे आधी का नाही सांगितलं?"

याचं उत्तर होतं, पण ते समजायला ढिवराच्या घरात जन्मावं लागलं असतं.

दामिनीनं टिपक्याच्या नळ्या घेऊन गादी घातली. रंभाबाईनं बोटही लावलं नाही. दोन दिवसांनी गादी घट्ट. चौथ्या दिवशी घट्ट. गर्भ आठाचे सोळा झाले, सोळाचे बत्तीस, आणि आठव्या दिवशी चाळीसातले सतरा गर्भ आतून पोकळ होऊन टपोरे फुगले, म्हणजे शेळीच्या पोटात ठेवायला तयार झाले. रंभाबाईच्याही हातून एका खेपेला इतके कधी उतरले नव्हते. तिनं सूक्ष्मदर्शकातून डोळा काढला आणि खोलीत जाऊन पिशवी भरली. हिरवी चोळी, नारळ, तांदूळ, जवसाचं तेल.

साहेबांकडं गेली तर साहेब आनंदानं खुर्चीत मावत नव्हते. दामिनीनं त्यांना टिपक्याचं सांगितलं होतं. त्यात लपवाछपवीचा भाग तिनं गाळला होता, तेवढी ती भली.

"रंभाबाई, अहो केवढं काम केलंत तुम्ही! समितीपुढं मी तुमचं नाव घेणार."

"मंग साहेब, उद्याच्या गाडीनं निघू ना?"

साहेब थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं.

"आता कसं जाता? नेमकं आत्ता? आजवर एक हात होता म्हणून एक पेटी चालवत होतो. आता दोन हात झालेत. दुसरी पेटी कालच सुरू करायला सांगितली मी. समिती येईपर्यंत दुप्पट गर्भ दाखवता येतील. पोळा होऊ द्या, मग महिना घ्या, दोन महिने घ्या."

"पोळ्याले तिचे दिवस भरते साहेब."

"आता मूल होणार म्हणजे घरच्या बायका असतातच की. सासू आहे ना?"

इतकी वर्षं रंभाबाईला वाटत होतं की आपल्याला इथं धरून ठेवणारी गोष्ट आपल्या मुठीत आहे. मूठ उघडली की सुटलो. मूठ उघडली होती आणि दार तसंच बंद होतं. उलट एकाच्या दोन पेट्या झाल्या होत्या.

"तुमी म्हनले होते साहेब. दामिनीबाई शिकली का जा म्हनून."

"म्हणालो होतो. परिस्थिती बदलली." साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सगळ्या केंद्राचा प्रश्न आहे, रंभाबाई. इथं कुलूप लागलं तर मी कुठं आणि तुम्ही कुठं? आणि स्पष्टच सांगतो. या वेळी गेलात, तर खोली मला दुसऱ्या माणसाला द्यावी लागेल. पेटीवर लक्ष ठेवायला कोणीतरी हवंच."

ती बाहेर आली. व्हरांड्यात दामिनी उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. रंभाबाई खोलीत गेली, चूल लिंपली, उर्वशीचं जुनं दप्तर खुंटीवरून काढून पिशवीत घातलं, आणि सकाळी कुलूप लावून किल्ली चैतूच्या हातात दिली.

"कवा येता बाई?" चैतूनं विचारलं.

"पाहू," ती म्हणाली.

चंद्रपूरहून आष्टी, आष्टीहून आलापल्ली, एवढं एसटीनं नीट झालं. आलापल्लीला गाडी थांबली ती थांबलीच. पुढच्या नाल्यावर पाणी चढलं होतं. तिनं दोन दिवस स्टँडवर काढले. तिथल्या एका गोंडाच्या बाईनं तिला भात दिला आणि कुठं निघाली ते विचारलं. "पोरीले न्याले," रंभाबाई म्हणाली, आणि एवढं बोलतानाच तिला रडू आलं. तिसऱ्या दिवशी जीप सुटली. एटापल्लीहून पुढं पायी. सूरजागडचे डोंगर पावसात पार दिसेनासे झाले होते, चिखलात चप्पल राहिली, ती तिनं काढायचेही कष्ट घेतले नाहीत. वाटेत सारखं एकच चालू होतं. नवव्याचे पंधरा दिवस बाकी आहेत, वेळेत पोचतो, जाताना डोंग्यातून नेऊ म्हणजे हिसके बसायचे नाहीत.

ढिवरटोल्याच्या बांधावर कोणी बसलेलं नव्हतं.

कमळाबाईनं दारातच पाय धुवायला पाणी दिलं. "या ईनबाई. पायरी जपून. चार दिवस झाले, पोट्टी झाली. वीस दिस आधीच कळा आल्या. दोघी बऱ्या हायत, घाबरू नोका."

रंभाबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"लय वाट पाह्यली तिनं तुमची," कमळाबाई हळू आवाजात म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "कळा लागल्या तरी उंबऱ्याकडं पाह्ये. म्हने, थांबा, माय येऊन राह्यली असन."

आत काळोख होता आणि शेकाचा धूर होता. खाटेखाली निखाऱ्यांचं घमेलं, खाटेवर उर्वशी, कुशीत फडक्यात गुंडाळलेलं लेकरू. उर्वशी आईकडं बघत राहिली. वाळली होती. हसली नाही, रडलीही नाही.

"किती दिवसाची सुटी हाय?" तिनं विचारलं.

"सुटी नाई घेतली." रंभाबाई खाटेच्या काठावर टेकली. तीन दिवस मनात घोळवलेलं सगळं तिनं एका दमात सांगायला सुरुवात केली. "कामच सोडून आली. आता मले कोणी थांबवत नाई आन कोणी बलावत नाई. तुले न्याले आली बाई. सव्वा महिना तेल लावून देईन, शेक देईन, लेकराले मीच न्हाऊ घालीन. चुकलं बाई, म्या लय उशीर केला. पण आता आली ना?"

उर्वशी कोपरावर जोर देऊन उठून बसली.

"आन खोली?"

"किल्ली चैतूभाऊजवळ देल्ली."

"म्हंजे खोली गेली?"

रंभाबाई वाकून खाटेखालचं घमेलं नीट सारायला लागली.

उर्वशीनं लेकरू मांडीवर घेतलं, त्याच्या डोक्यावरचं फडकं नीट केलं. मग आईकडं पाहून, लहानपणी काकाच्या ओट्यावर बोचक्याजवळ बसून विचारलं होतं अगदी त्याच आवाजात तिनं विचारलं, "मंग माय, तू मले नेशील कुठी?"

बाहेर कमळाबाईनं दोन पानं मांडल्याचा आवाज आला. तीन दिवसांच्या वाटेत रंभाबाईनं नाल्यांचा विचार केला होता, डोंग्याचा केला होता, जवसाच्या तेलाचा केला होता. हा एक केला नव्हता. तिनं पिशवी उघडली. हिरवी चोळी काढली, नारळ काढला, ओंजळीनं तांदूळ घेतले आणि पोरीच्या पदरात घातले. ओटी भरली की आईनं हात धरायचा असतो आणि पोरीनं उठून उंबऱ्याबाहेर पडायचं असतं. रंभाबाईनं हात धरला. उर्वशीनंही घट्ट धरला. आणि दोघी तिथंच खाटेवर बसून राहिल्या.